पेपर काढायच्या दिवसाचा हिशेब

मल्चिंग पेपर, म्हणजे ओल धरायला आणि तण दाबायला बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरायचा प्लॅस्टिकचा पेपर, त्याचा भाव विचारला की दुकानदार रोलचा भाव सांगतो. साधा इतक्याला, बायो म्हणजे मातीत जिरणारा तितक्याला, आणि बायोचा आकडा बहुधा दुपटीच्या वर. तुलना तिथेच संपते, कारण वहीत 'पेपर' या नावाची एकच ओळ असते आणि ती लागवडीच्या आधीची. पीक संपल्यावर तो पेपर काढायला लागलेल्या हजेऱ्या (एक हजेरी म्हणजे एका माणसाची एका दिवसाची मजुरी) 'किरकोळ मजुरी'त जातात, नाहीतर घरचीच माणसं लागली म्हणून लिहिल्याच जात नाहीत. जमिनीत जिरणाऱ्या पेपरचा जो काही फायदा आहे तो याच न लिहिलेल्या ओळीत आहे. म्हणून गोराईतल्या वीस गुंठ्यांचा हिशेब आम्ही शेवटाकडून मांडला: आधी पेपर काढायचा दिवस, मग रोलचा भाव.

गोराई म्हणजे मुंबईच, बोरिवली तालुका. माणूस बोटीने खाडी ओलांडून येतो, टेम्पो मात्र भाईंदर-उत्तनवरून फिरून येतो. हा फेरा पुढे हिशेबात येणार आहे. पावसात भात, भात निघाल्यावर कलिंगड किंवा मिरची, विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ, आणि हजेरी मुंबईच्या नाक्यावरची. खाली हजेरी ८०० रुपये धरली आहे. रोलचे भावही धरलेलेच आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत, गणित तेच राहतं.

वीस गुंठे म्हणजे २,०२३ चौरस मीटर. बेड पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर पाडले की बांध आणि वळणं वजा जाता साधारण १,३०० मीटर बेड मिळतो. कलिंगडाला सहा फूट ठेवणारे बरेच आहेत, त्यांना पेपर कमी लागेल. आम्ही पाच धरले कारण तेच बेड मिरचीलाही चालतात. बाजारातला नेहमीचा रोल १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब. १,३०० ला ४०० ने भागलं की सव्वातीन रोल. दुकानातून येतात चार. हा उरलेला पाऊण रोल साध्या पेपरचा असेल तर माळ्यावर पडून राहतो आणि पुढच्या वर्षी कामाला येतो. बायोचा असेल तर त्याचं वय चालूच असतं.

वजनाचं गणितही आधी करून घ्यावं, कारण बायो पेपरचा भाव कारखाना मुळात किलोवर ठरवतो. साधा पेपर पॉलिथिनचा, पाण्यापेक्षा हलका. २५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक रोल सुमारे ११ किलो भरतो. बायो पेपर पीबीएटी (जीवाणूंना खाता येणारं प्लॅस्टिक) आणि पीएलए (पिकांच्या साखरेपासूनचं प्लॅस्टिक) किंवा स्टार्च यांच्या मिश्रणाचा, पाण्यापेक्षा सव्वापट जड. तो २५ मायक्रॉनचा घेतला तर रोल १५ किलोचा होईल आणि भाव ऐकवणार नाही. म्हणून तो पातळ करतात. १५ मायक्रॉनचा रोल ९ किलोचा पडतो. पातळ आहे म्हणून फसवणूक झाली असं समजायचं कारण नाही, पण पातळ असल्याचे परिणाम पुढे भोगावे लागतात.

आता खरेदी. 'बायो' हा शब्द कुणीही रोलवर छापतो. उन्हात भुगा होणारा ऑक्सो पेपर हे पॉलिथिनच. त्याचे तुकडे बारीक होतात, जिरत नाहीत. 'कंपोस्टेबल' लिहिलेला आणि आयएस १७०८८ या भारतीय मानकाचा दाखला असलेला माल खरा असतो, पण ती परीक्षा कंपोस्टच्या ढिगातली, ५८ अंशांच्या आसपासची. आपल्या बेडची माती कधी तितकी तापत नाही. नुसत्या पीएलएचा पेपर ढिगात छान कुजतो आणि शेतात वर्षभर तसाच पडून राहतो. मातीत जिरणाऱ्या मल्चिंगसाठी स्वतंत्र युरोपीय मानक आहे, ईएन १७०३३, सन २०१८ चं. त्यात २० ते २८ अंशांच्या ओलसर मातीत दोन वर्षांच्या आत पेपरमधल्या कार्बनचा ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जावा लागतो, शिवाय गांडुळांवर आणि रोपांवर वाईट परिणाम होत नाही हेही दाखवावं लागतं. दुकानदाराकडे हा दाखला मागायचा. बायो म्हणजे सगळा मक्यापासून केलेला, असाही एक समज आहे. पीबीएटी बहुतांशी खनिज तेलातूनच येतं. जीवाणूंना ते खाता येतं एवढाच मुद्दा.

दाखला मिळेपर्यंत घरच्या घरी एक चाचणी होते. पेपरचा नखाएवढा तुकडा साबणाच्या पाण्यात चोळून, चिकटलेले बुडबुडे घालवून, ग्लासभर पाण्यात बुडवून सोडायचा. वर आला तर ते पॉलिथिन, रोलवर काहीही लिहिलेलं असो. बुडाला म्हणजे मात्र बायो ठरला असं नाही. खडूची भुकटी भरपूर घातलेलं पॉलिथिनही बुडतं. ही चाचणी नापास करण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही.

रोलवरची तारीख पाहायची. वर्षाच्या वरचा माल घ्यायचा नाही, आणि मुंबईचा एक पावसाळा गोदामात काढलेला तर नाहीच. दमट हवेत या पेपरचे रेणू आपोआप तुटतात. रोल बाहेरून नवा दिसतो आणि बेडवर ओढला की कडेने फाटत जातो. त्यामुळे जूनमध्ये सवलत आहे म्हणून घेऊन ठेवू नये. भात कापून झालं की नोव्हेंबरात मागवावा, रोल उभे ठेवावेत, पत्र्याच्या शेडमध्ये छताला लागून तर अजिबात नकोत.

अंथरणं. १.२ मीटर रुंदीत बसेल असाच बेड हवा: माथा ६० सेंटिमीटर, दोन्ही उतार १८-१८, मातीत गाडायला १२-१२, बेरीज बरोबर १२०. बेड फूटभर उंच केला की गाडायला काही उरत नाही, आणि मग वाऱ्याने पेपर उडाल्याचा दोष पेपरला लागतो. भाताची धसकटं वेचून काढायची. साधा पेपर धसकटावर ताणून बसतो, १५ मायक्रॉनच्या पेपरला तिथे भोकच पडतं. बेसल डोस (लागवडीआधीचं खत) आधी, मग लॅटरल (ठिबकच्या नळ्या), मग पाणी सोडून एकेक ड्रिपर (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) बघायचा. पेपर लागल्यावर बंद ड्रिपर सापडतो तो रोप सुकल्यावरच. साधा पेपर तिघं मिळून ताणून बसवतात. बायो ताणायचा नाही. अंगाला लागेल इतपतच, तळहात फिरवला तर किंचित सुरकुती पडेल असा. ताणलेला पेपर पातळ होतो आणि बेडच्या खांद्यावर, जिथे ऊनही जास्त आणि ताणही जास्त, तिथे पहिल्यांदा फाटतो. हे सवयीच्या मजुरांना पटत नाही. ढिला पेपर म्हणजे कच्चं काम असं त्यांना वाटतं. अर्धी हजेरी जास्त जाते, ती हिशेबात धरली आहे.

भोकं गोल पाडायची, चीर देऊन नाही. चिरेची टोकं पुढे फाटत जातात. धार काढलेला अडीच इंची लोखंडी पाइपचा तुकडा पुरतो. आणि बायो साध्या पेपरसारखा लागवडीच्या दोन आठवडे आधी अंथरून ठेवायचा नाही. अंथरल्या दिवसापासून त्याचं घड्याळ सुरू होतं, म्हणून रोपं तयार असतील त्याच आठवड्यात.

मधल्या काळात बिघडतं ते बहुतेक वेळा मातीत गाडलेल्या कडेला. माथ्यावरचा पेपर शाबूत दिसतो, पण कड ओल्या मातीत जीवाणूंच्या तोंडी असते. दीडदोन महिन्यांत ती सुटते, समुद्रावरचा वारा तिच्याखाली शिरतो आणि एका दुपारीत दहा-बारा मीटर उघडं पडतं. उपाय एवढाच की सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कडेवर पुन्हा माती ओढायची. त्याची एक हजेरी. दुसरा शत्रू लव्हाळा, टोकदार कोंबाचं तण. तो साध्या पेपरलाही टोचून वर येतो, बायोला तर सहज. लव्हाळ्याचं रान असेल तर बायोचा विचार सोडून द्यावा, हे आमचं स्पष्ट मत. कलिंगडाला मात्र हा पेपर शोभतो, कारण वेल पसरला की पेपर सावलीत जातो आणि पीक तीन महिन्यांत संपतं.

आता तो दिवस. साधा पेपर काढताना आधी वेल कापून बाहेर टाकावे लागतात, लॅटरल ओढून गुंडाळावे लागतात, मग कुदळीने दोन्ही कडा सैल करायच्या आणि एका टोकाने ओढत न्यायचं. दहा पावलांवर पेपर तुटतो. तुटलेलं टोक मातीत शोधायचं, पुन्हा ओढायचं. अंथरताना ३६ किलो असलेला पेपर मातीसकट भरताना त्याच्या दुपटीवर जातो. भंगारवाला तो घेतच नाही, किंवा वजनातली माती कापून इतका कमी भाव लावतो की टेम्पोचं भाडंही सुटत नाही. धारावीत प्लॅस्टिकच्या चिंध्यांपासून दाणा करणारे आहेत, पण त्यांना धुतलेला माल हवा, आणि मचूळ विहिरीवर पेपर धूत कोण बसणार? बांधावर पेटवून देणं हा सर्रास चालणारा मार्ग आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला ५,००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. आम्ही जाळणं हिशेबात धरलेलं नाही. पेपर काढायला पाच हजेऱ्या, रोटाव्हेटर फिरल्यावर वर आलेले तुकडे वेचायला एक, टेम्पो भाईंदरवरून १,५०० रुपये.

तर कलिंगडाचा हिशेब असा. साधा रोल २,००० चा, सव्वातीन रोल ६,५००. बायो रोल ४,२०० चा, तितकेच रोल १३,६५०. फरक ७,१५०. अंथरायची जास्तीची अर्धी हजेरी आणि कडा दुरुस्तीची एक, मिळून १,२००. बायोचा जादा खर्च ८,३५०. त्यासमोर वाचलं काय: सहा हजेऱ्यांचे ४,८०० आणि टेम्पोचे १,५००, एकूण ६,३००. म्हणजे बायो २,०५० रुपयांनी महाग. दुकानात दुपटीहून महाग वाटणारी वस्तू शेवटी वीस गुंठ्यांना दोन हजारांवर आली. बायो रोल ३,५७० च्या आसपास मिळाला तर दोन्ही बरोबरीत येतात. भाव करताना हा आकडा खिशात असावा.

हेच वीस गुंठे हजेरी ४०० असलेल्या आणि टेम्पो ८०० त येणाऱ्या गावात असते तर तूट ४,५५० झाली असती. मुंबईत तूट कमी दिसते ती इथे माणूस महाग आहे म्हणून. पेपरचं त्यात श्रेय काही नाही. अनुदान धरलं तर चित्र आणखी बदलतं. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या जुन्या मापदंडात प्लॅस्टिक आच्छादनाला हेक्टरी ३२,००० खर्च धरून त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, असं अनुदान होतं. वीस गुंठ्यांना ते ३,२०० होतात, आणि ते साध्या पेपरच्या बाजूला पडले की तूट ५,२५० वर जाते. आणि तो उरलेला पाऊण रोल? बायोचा वाया गेला तर ३,१५० आणखी. त्यामुळे दुकानदार मीटरवर कापून देत नसेल तर शेजारच्याबरोबर मिळून मागवावा. ३० मायक्रॉनच्या साध्या पेपरवर कलिंगडानंतर त्याच भोकांत काकडी घेणाऱ्यांनी तर हा हिशेब वाचूही नये; एकाच पेपरवर दोन पिकं निघत असतील तर बायोची बरोबरी होणं शक्य नाही.

उत्पन्न वाढेल म्हणून आम्ही एक रुपयाही जमेला धरलेला नाही. पेपर शाबूत असेपर्यंत ओल धरणं, तण दाबणं, बाष्पीभवन रोखून मीठ वर येऊ न देणं ही कामं दोन्ही पेपर सारखीच करतात. थंड देशांच्या हिशेबात माती लवकर तापून पीक आधी बाजारात येण्याची मोठी रक्कम असते. मुंबईच्या डिसेंबरात माती तापवायची गरज कुणाला? उलट काळ्या पेपरला टेकलेलं रोप दुपारी करपतं. मिरचीला इथे चंदेरी पेपर हवा, त्याच्या चकाकीने फुलकिडे बिचकतात आणि बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) थोडा लांबतो. बायोमध्ये बहुधा काळाच पुढे केला जातो.

मिरचीचा प्रश्न वेगळाच अडकतो. मिरची मे अखेरपर्यंत चालते. तेव्हा निम्मे मजूर गावी गेलेले असतात, आणि मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. चिखलात पेपर काढायची वेळ आली तर पाचाच्या दहा हजेऱ्या सहज होतात. म्हणजे बायोची खरी गरज इथे. पण सहा महिने टिकायचा तर १५ मायक्रॉन पुरत नाही, २० लागतो. रोल १२ किलोचा आणि ५,६०० चा होतो. मांडून पाहिलं: बायो १८,२०० आणि वरचे १,२००, मिळून १९,४००. साधा ६,५०० आणि काढण्याचे (दहा हजेऱ्या, तुकडे वेचायची एक आणि टेम्पो) १०,३००, मिळून १६,८००. तूट कलिंगडापेक्षाही जास्त, २,६००. ज्या पिकाला पेपर काढणं सगळ्यात महाग, त्यालाच सगळ्यात जाड पेपर लागतो.

मिरचीला म्हणून आम्ही पेंढाच बरा म्हणतो. वीस गुंठ्यांतल्या भाताचा पेंढा, टनभराच्या आसपास, बेडच्या माथ्यांना पुरतो. तो फुकट नसतो, तबेलेवाला नेतो. किलोला पाच रुपये धरले तर ५,००० रुपये. अंथरायची मजुरी पेपरइतकीच. तीन खुरपण्यांच्या नऊ हजेऱ्या ७,२००. एकूण १२,२००, दोन्ही पेपरांपेक्षा कमी. पाणी जास्त द्यावं लागतं हे खरं, वाळवी लागते हेही खरं, पण जूनमध्ये तो चिखलणीत जातो आणि मागे काही उरत नाही.

कलिंगडाला बायो घातलाच तर शेवटचं काम चुकवू नये. मार्च अखेरीला लॅटरल आधी काढून घ्यावेत, नाहीतर रोटाव्हेटरमध्ये गुंततात. वेल आणि पेपर एकत्र कापून १५ सेंटिमीटर खोल जातील असं फिरवावं. आणि लगेच एक हलकं पाणी द्यावं. कोरड्या मातीत जीवाणू कामच करत नाहीत. एप्रिल-मे कोरडा गेला तर पेपर तसाच जूनपर्यंत पोहोचतो. मग भाताच्या चिखलात हवा नसते आणि जिरणं मंदावतं. वर राहिलेले तुकडे पहिल्या मोठ्या पावसात बांधावरून मनोरीच्या खाडीत जातात, आणि मातीसाठीचं मानक समुद्राच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही.

भात निघाल्यावर, नवे बेड पाडायच्या आधी, शेतात पाच ठिकाणी फूटभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खणून माती वाळू चाळायच्या चाळणीतून काढायची. नखाएवढे, बोटांत धरताच चुरणारे तुकडे मिळाले तर चाललंय ते ठीक. तळहाताएवढे, ओढले तर ताणणारे मिळाले तर पेपर आपल्या मातीत जिरत नाही. तुकडे वेचायची ती एक हजेरी परत लिहायची आणि तूट २,०५० ची २,८५० करायची.